मामी, मडिसार आणि नऊ वारांचा नखरा

आठवड्याचे वार सात, पण वेस्ट मांबलमच्या मामींचे नऊ!

चेन्नईच्या मांबलम स्टेशनाच्या एका अंगाला रंगनाथन स्ट्रीटची शॉपिंग-झुंबड, दुसऱ्या अंगाला अयोध्या मंडपम, फिल्टर कॉफी आणि सणासुदीला मडिसार नेसलेल्या तमिळ ब्राह्मण मामी. मडिसार म्हणजे आपल्या नऊवारीची चुलत बहीण. काष्टा आहे, लांबीही तीच, सव्वाआठ मीटर!

माहीत आहे का? नुसता पदर बघून पोटजात ओळखता येते. अय्यर मामींचा पदर उजव्या खांद्यावर, अय्यंगार मामींचा डाव्या. म्हणजे सदाशिव पेठेतली काकू तिथे गेली, तर पदरापुरती अय्यंगारच की!

आणि हे माहीत आहे का? कमल हासन 'अव्वै षण्मुगी'त (१९९६) मडिसार नेसून मामी झाले, आणि पुढच्याच वर्षी 'चाची ४२०'मध्ये नऊवारी नेसून थेट लक्ष्मी गोडबोले! एकाच हिरोला दोन्ही काष्टे. चेहऱ्याची करामत मात्र हॉलिवूडच्या मायकल वेस्टमोर यांची.

फॉरेनर्सना हे जमतं का? अहो, शांताल बुलांजे या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ संशोधनासाठी तमिळनाडूत आल्या आणि साड्यांतच गुंतल्या. गावोगाव फिरून त्यांनी साडी नेसण्याच्या शंभरावर तऱ्हा नोंदवल्या. १९९७ साली त्यांचं सचित्र पुस्तकच आलं. आपल्यापैकी कितीजणींना दोन तरी येतात? (हात वर करू नका, निऱ्या सुटतील.)

खरी परीक्षा परदेशी सुनेची. अय्यर लग्नात मंगळसूत्राच्या वेळी नऊवारी 'कूरै' नेसून वडिलांच्या मांडीवर बसायचं असतं. मामी मंडळ मदतीला धावतं, शिवाय शिवलेला रेडिमेड मडिसारही मिळतो. पायात घाला, नाडी बांधा, बोहल्यावर चला! मामींना विचाराल तर ही शुद्ध चीटिंग.

नेसण्याची अशी कसरत भूतानमध्येही आहे. पुरुषांचा 'घो' असतो घोट्यापर्यंत, पण तो गुडघ्यापर्यंत वर ओढून 'केरा' पट्ट्याने करकचून बांधायचा. छातीशी तयार होतो भलामोठा खिसा. फोन, पाकीट, सगळं आत!

पुरुषांनो, हसू नका. तुमच्यासाठी पंचकच्छम धोतर आहे. नावातच पाच खोचण्या. घाबरलात? बाजारात वेल्क्रोवाली वेष्टीही (म्हणजे तमिळ धोतर) आहे.

आणि वेष्टीला कमी लेखू नका बरं! २०१४ साली चेन्नईतल्या एका क्लबने वेष्टी नेसलेल्या हायकोर्ट न्यायाधीशांनाच आत सोडलं नाही. त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने कायदा केला: वेष्टी नेसलेल्याला अडवाल, तर वर्षभरापर्यंत कैद आणि २५,००० रुपयांपर्यंत दंड.