फ्लॅश पॉइंट : कागदावरचा आकडा आणि चेन्नईचे ऊन

चेन्नईत मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरी ३७-३८ अंशांपर्यंत जाते. ३१ मे २००३ रोजी तर नुंगम्बाक्कम वेधशाळेत ४५ अंशांची नोंद झाली होती. भारतीय मानकाप्रमाणे गाड्यांच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणजे मानकात अगदी काठावर बसणारे डिझेल मणलीच्या रिफायनरीबाहेर उभ्या टँकरमध्ये भर दुपारी आपल्या फ्लॅश पॉइंटच्या वर असू शकते. युरोपात हीच किमान मर्यादा ५५ अंश आहे, आणि जहाजांच्या इंधनासाठी आंतरराष्ट्रीय नियम ६० अंशांचा आहे. तरीही ‘डिझेल काही पेट्रोलसारखे पेट घेत नाही’ हे वाक्य गॅरेजपासून गोदामापर्यंत सगळीकडे बिनदिक्कत बोलले जाते.

आधी मूळ गोष्ट. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पुरेशी वाफ साठते आणि ज्योत दाखवताच ती क्षणभर भडकते, तो फ्लॅश पॉइंट. अ‍ॅसिटोनचा उणे २० अंशांच्या आसपास, टोल्यूइनचा ४, शुद्ध इथेनॉलचा १३, टर्पेंटाइनचा सुमारे ३५.

गैरसमज : फ्लॅश पॉइंट गाठला की द्रव आपोआप पेटतो.

तसे असते तर मद्रासमधल्या प्रत्येक रंगाच्या दुकानातला थिनर केव्हाच पेटला असता. फ्लॅश पॉइंटला ठिणगी लागतेच. ठिणगीशिवाय पेटण्याचे तापमान वेगळे आणि ते खूप वर असते. टोल्यूइनसाठी ते ४८० अंशांच्या घरात जाते. दोन्ही आकडे एकाच क्रमाने चालतात असेही नाही. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० च्या आसपास, डिझेलपेक्षा कितीतरी खाली. पण आपोआप पेटण्यात डिझेल पुढे. म्हणून तर डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही.

गैरसमज : कायद्याने वर्ग ठरवला, म्हणजे धोका ठरला.

नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही केंद्रीय यंत्रणा ज्या पेट्रोलियम नियमांची अंमलबजावणी करते, त्यांत २३ अंशांखालचे द्रव ‘अ’ वर्गात, २३ ते ६५ मधले ‘ब’ वर्गात आणि ६५ ते ९३ मधले ‘क’ वर्गात येतात. जुन्या कायद्यात धोकादायक पेट्रोलियमची रेषा ७६ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे २४.४ सेल्सिअसवर होती. मद्रासला सप्टेंबरातल्या साधारण रात्रीही पारा याच्या वरच असतो.

त्याच मद्रासमध्ये २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बंदरातल्या बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर सव्वाशेच्या आसपास तोफगोळे डागले आणि केरोसीन भडकले. गोळा टाकीत फुटला की तेल तापते, शिवाय बारीक तुषार होऊन उडते. तुषारांना फ्लॅश पॉइंटची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक थेंब इतका लहान असतो की ज्योतीजवळ येताच त्याची वाफ होते. तेलात भिजलेली चिंधी, गळक्या नळीतून दाबाने उडणारे डिझेल, स्प्रे गनमधला रंग यांनाही हेच लागू. शांत, थंड द्रवासाठी मोजलेला आकडा तिथे लावून उपयोग नाही.

गैरसमज : आकडा मोजला की तो कायमचा, सगळीकडे सारखा.

इथे जरा थांबायला हवे, कारण प्रयोगशाळेतल्या चुकाच पुढे गोदामात पोचतात. एबल उपकरणात झाकलेल्या कपात नमुना घेतात, तो सावकाश तापवतात आणि ठरावीक अंतराने झाकणाची खिडकी उघडून इवलीशी ज्योत आत डोकावू देतात. जास्त फ्लॅश पॉइंटच्या तेलांसाठी पेन्स्की-मार्टेन्सचा बंद कप, वंगणतेले आणि डांबरासाठी क्लीव्हलँडचा उघडा कप. उघड्या कपात वाफ निसटत राहते, त्यामुळे आकडा बंद कपापेक्षा काही अंशांनी जास्त येतो. विक्रेत्याने उघड्या कपाचा आकडा छापला आणि आपण तो बंद टाकीसाठी वापरला, तर ते काही अंश आपल्याच जिवावर बेततात.

चेन्नईसारख्या गावात आणखी एक खोच आहे. नमुन्याची बाटली गरम खोलीत उघडी राहिली की सर्वांत हलका भाग आधी उडून जातो आणि उरलेल्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट चढलेला दिसतो. म्हणूनच नमुना अपेक्षित आकड्याच्या बराच खाली थंड करूनच कपात ओतायचा. हवेचा दाबही हिशेबात घ्यावा लागतो : दाब एक किलोपास्कलने कमी झाला की मोजलेला आकडा पाव अंशाने उतरतो. समुद्रकाठच्या चेन्नईत हा फरक नगण्य. पुण्यात तोच द्रव दीडेक अंश आधी भडकेल, महाबळेश्वरी जवळजवळ चार अंश. आणि इतके सगळे काटेकोर करूनही पेन्स्की-मार्टेन्सने ६६ अंशांच्या आसपास मोजताना दोन चांगल्या प्रयोगशाळांत साडेचार अंशांपर्यंतचा फरक मान्य आहे. ‘६६.०’ मधल्या त्या शून्यावर फार विसंबू नये.

गैरसमज : मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट म्हणजे घटकांची सरासरी.

शुद्ध द्रवाचे भाकीत सुंदर जमते. टोल्यूइनची वाफ हवेत साधारण १.१ ते १.२ टक्के झाली की ती पेटू शकते. ४ अंशांना टोल्यूइनचा बाष्पदाब सुमारे ९ मिलिमीटर पारा असतो. ९ ला ७६० ने भागा, १.२ टक्के येतात. गणित आणि कप एकाच ठिकाणी भेटतात. मिश्रणात मात्र वाफेत कोण किती उतरते यावर सगळे अवलंबून. डिझेलमध्ये थोडेसे पेट्रोल मिसळले तरी फ्लॅश पॉइंट धाडकन कोसळतो. इथेनॉल मिसळले तर तो थेट इथेनॉलच्या पातळीवर येऊन बसतो. अल्कोहोल आणि हायड्रोकार्बनचे रेणू एकमेकांना दूर ढकलतात, दोघेही जास्त वाफ सोडतात आणि काही मिश्रणांचा फ्लॅश पॉइंट दोन्ही घटकांपेक्षाही खाली जातो. अशा मिश्रणांसाठी गणकयंत्राने काढलेला आकडा केवळ अंदाज समजावा आणि मोजून खात्री करावी.

पाण्याचेही तसेच. ४० टक्के इथेनॉलचे द्रावण सुमारे २६ अंशांना भडकते, आणि १० टक्क्यांचेसुद्धा ४९ च्या आसपास. ‘पाणी घातलेय, आता भीती नाही’ हे सॅनिटायझरच्या बाबतीतही खोटेच.

गैरसमज : फ्लॅश पॉइंट जितका कमी, टाकी तितकी घातक.

बंद टाकीत उलटेही घडते. पेट्रोलच्या टाकीतली हवा वाफेने इतकी भरलेली असते की तिला पेटायला ऑक्सिजन पुरत नाही. धोका झाकणापाशी आणि गळतीपाशी. इथेनॉलची वाफ मात्र साधारण १३ ते ४२ अंशांदरम्यान नेमक्या स्फोटक प्रमाणात असते, आणि चेन्नईचे बहुतेक सारे वर्ष याच पट्ट्यात जाते. इथेनॉलच्या टाक्यांना अर्थिंग, ज्वालारोधक जाळी आणि नायट्रोजनचे आवरण हवे, ते याचसाठी.

गैरसमज : फ्लॅश पॉइंट ‘नाही’ म्हणजे जळतच नाही.

डायक्लोरोमिथेन बंद कपात भडकत नाही, तरी हवेतल्या १३ ते २३ टक्के वाफेला जोरदार ठिणगी मिळाली तर ती पेटते.

द्रावकांशी रोज काम करणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे : पिंपासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचा नववा भाग काढा, फ्लॅश पॉइंट बंद कपाचा आहे का ते पाहा, आणि आपल्या शेडमधल्या मे महिन्यातल्या दुपारच्या तापमानाशी तो ताडून बघा. शेडमध्ये थर्मामीटर नसेल तर तो आधी लावा.