जुन्या मोटारीचा स्पार्क प्लग कसा निवडावा?

मनुरेवात एखादी जुनी मॉरिस मायनर दिसली, की आम्हाला मुंबईची प्रीमिअर पद्मिनी आठवते. अशा गाडीचे इंजिन चालते ते स्पार्क प्लगच्या ठिणगीवर.

प्लग घेताना प्रथम आटे पाहावेत. मायनर १००० ला १४ मि.मी. व्यासाचे, १९ मि.मी. लांबीचे आटे लागतात. आटे जास्त लांब असले, तर पिस्टन प्लगवर आदळू शकतो.

मग उष्णतेचा आकडा. इथेच फसगत होते! एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड; चॅम्पियनचा वाढला की गरम. म्हणून चॅम्पियन एन-९-वायच्या जागी एनजीके बीपी-६-ईएस बसतो. तिथे 'नऊ' मागू नये. फार थंड प्लगवर काजळी साचते. फार गरम प्लगमुळे पिस्टनला भोकही पडू शकते.

वापरलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी दिसले, की समजावे, निवड बरोबर आहे.