अडलेलं भिंग

लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं, तर आपण काय करतो? जोर करतो. तरी निघत नाही. मग आई म्हणते, "अरे थांब, जरा गरम पाण्यात धर." झाकण तापतं, किंचित फुगतं आणि फिरतं. जुना कॅमेरा दुरुस्त करतानाही हीच युक्ती कामी येते, बरं का!

जर्मनीत म्यूनिक शहरी अ‍ॅग्फा कंपनी 'आयसोलेट' नावाचा घडीचा कॅमेरा बनवीत असे. १९५० नंतरच्या दहा वर्षांत तो पुष्कळ निघाला. त्याचं पुढचं भिंग आट्यांवर फिरतं. जवळचा माणूस टिपायचा तर भिंग पुढं आणायचं. लांबचा डोंगर टिपायचा तर मागं न्यायचं.

या आट्यांत कारखान्यानं वंगण घातलेलं असे. वर्षं गेली तसं ते वाळलं, हिरवट लाखेसारखं कडक झालं. आता भिंग हलत नाही. मग माणूस पक्कड घेतो आणि पिळतो. इथंच घात होतो! आटे बारीक असतात. ते एकदा मोडले की नवा भाग कुठून आणणार?

मग काय करावं? आकड्यांच्या कडीचे तीन बारीक स्क्रू सैल करावे व कडी उचलावी. मग पुढचं भिंग उलटं फिरवावं. बहुधा मधलं भिंगही चिकटून जोडीनंच बाहेर येतं. येऊ द्यावं. जोडीच्या सांध्यात लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब सोडावे. खिडकी उघडी ठेवावी. जवळ विडी नको, चूल नको. रात्रभर थांबावं. पेट्रोल पुरतं उडून गेलं, की मगच केस वाळवायच्या यंत्रानं ऊब द्यावी. दोन्ही कडा रबराच्या तुकड्यात धरून हळू फिरवाव्या. हललं नाही? पुन्हा थेंब, पुन्हा वाट, पुन्हा ऊब. चार दिवस लागले तर लागू द्या.

भिंगं जिथं सुटतील तिथं खूण करावी. बसवताना आटे तिथूनच धरायचे असतात. जुनं वंगण पुसून नवं अगदी थोडं लावावं. जास्त झालं तर ते शटरच्या पात्यांवर ओघळतं आणि पाती चिकटतात.

शेवटी फिल्मच्या जागी दुधी काच ठेवावी, शटर उघडं धरावं आणि दूरचं झाड पाहावं. ते स्पष्ट दिसेल तिथं भिंग थांबवावं. कडी आडव्या आठाच्या खुणेवर ठेवून स्क्रू आवळावे.

या कॅमेऱ्याची फिल्म आजही मिळते. ज्यानं आजोबांनी तुमच्या वडिलांचा फोटो काढला, त्यानंच तुम्ही मुलांचा काढाल. पण त्यासाठी हातात जोर कमी आणि धीर जास्त हवा.