लाडाचा गोऱ्हा अंगावर का येतो?

एका वाचकाचं पत्र आलं आहे. बाटलीनं दूध पाजून वाढवलेला त्यांचा जर्सी संकराचा गोऱ्हा आता दोन वर्षांचा वळू झालाय आणि वैरण टाकायला गेलं की शिंगं रोखतो. लहानपणी घरातल्या पोरांशी टकरा खेळायचा. ‘एवढी माया केली, ती वाया गेली का?’ असं ते विचारतात.

मायेत खोट नव्हती. गोऱ्हा एकटा वाढला, तिथं बिघडलं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या एडवर्ड प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९० साली हे तपासून दाखवलं. हेरफर्ड जातीचे काही गोऱ्हे जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच वेगवेगळ्या खणांत एकेकटे ठेवले, काही एकत्र वाढवले. दूध दोघांनाही माणसांनीच पाजलं. मोठेपणी एकट्या वाढलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी माणसाला धमकावलं, एकत्र वाढलेल्यांपैकी फक्त ११ टक्क्यांनी. आपण कोण, हे वासरू सोबत्यांकडून शिकतं. सोबती नसले की दूध पाजणारा माणूसच त्याचा कळप होतो. मग वयात आल्यावर कळपातला वरचढ कोण, हे ते ठरवायला निघतं आणि समोर तुम्ही असता.

हे काम फारसं कुणाला ठाऊक नाही. गाजला तो होसे देल्गादोंचा प्रयोग. येल विद्यापीठातले हे मेंदूशास्त्रज्ञ मूळचे रोंदाचे, म्हणजे बैलझुंजीच्या पंढरीचेच. १९६३ साली स्पेनमध्ये कोर्दोबाजवळच्या कुरणात ते झुंजीच्या वळूसमोर उभे राहिले. एका हातात कापड, दुसऱ्या हातात रेडिओ ट्रान्समीटर. वळूच्या मेंदूत आधीच तारा बसवलेल्या. तो धावून आला, देल्गादोंनी बटण दाबलं आणि वळू थांबून वळला! १९६५ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ही बातमी पहिल्या पानावर छापली. राग बटणानं बंद करता येतो, असं जगाला वाटलं. पण तार होती कॉडेट न्यूक्लियसमध्ये, आणि मेंदूच्या या भागाचा हालचालींशी जवळचा संबंध. वळूचा राग शमला नव्हता, त्याचं अंगच एका बाजूला वळवलं गेलं होतं, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञ एलियट व्हॅलेन्स्टाइन यांनी घेतला. मला तो पटतो. एका बटणाला दोन वर्षांची वाढ पुसता येत नाही.

अंगावर येण्याआधी वळू इशारा देतो, पण तो आपल्या नजरेतून निसटतो. माती उकरणं आणि डुरकणं सगळ्यांना कळतं. त्याआधी तो तुमच्यासमोर आडवा उभा राहतो, पाठीची कमान करतो, मान खाली घालतो आणि अंगाची सगळी लांबी दाखवतो. नवख्या माणसाला वाटतं, जनावर तोंड फिरवून निघालंय. खरं तर तो स्वतःचा आकार मोजायला लावत असतो. अशा वेळी पाठ फिरवून पळू नये. नजर त्याच्यावर ठेवून तिरपं मागं सरकत कुंपण गाठावं. म्हणून खणाला अशी फट हवीच, जिच्यातून माणूस निसटेल, वळू नाही.

एकदा माणसावर चालून आलेला वळू पुन्हा भरवशाचा होत नाही. मारझोडीनं तर तो आणखी बिथरतो. पशुवैद्याकडून खच्ची करून घ्या. पण सवय लगेच जात नाही, तेव्हा सावधपणा सोडू नका. चार-पाच गायींच्या गोठ्याला वळू लागतोच असंही नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बायफ’ ही संस्था सुरू केली, तिच्या माणसांनी कृत्रिम रेतनाची कांडी गोठ्याच्या दारापर्यंत आणली.

पत्राच्या शेवटी लिहिलंय की गोठ्यात अडीच महिन्यांचा दुसरा गोऱ्हा आहे, कोपऱ्यात एकटाच बांधलेला. त्याला आजच बाकीच्या वासरांत सोडा. खाजवायचंच असेल तर गळ्याखाली खाजवा, कपाळावर हात ठेवू नका. आणि पोरांना सांगा, टकरा त्यानं वासरांशीच खेळाव्यात.