दूरच्या प्रवासाला किती सीसीची मोटारसायकल?

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो तो ‘किती सीसी?’ हा. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. सिलिंडरमध्ये दट्ट्या खालीवर होताना जेवढी जागा व्यापतो, तिचे हे माप. हा आकडा मोठा तेवढे इंजिन भरवशाचे, अशी समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे.

खानदेशात या समजुतीची चांगली परीक्षा होते. जळगाव ते धुळे हा सुमारे ९० किलोमीटरचा महामार्ग सपाट असला, तरी पुढे धुळ्याहून नाशिककडे निघताच लळिंगचा घाट लागतो. शिरपूर ओलांडून इंदूरकडे जाताना बिजासनचा, तर चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना औट्रम म्हणजेच कन्नडचा घाट आहे. त्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो.

घरोघरी दिसणाऱ्या ९७ सीसीच्या स्प्लेंडरची ताकद सुमारे आठ अश्वशक्ती. ताशी ८० किलोमीटर वेग राखायचा तर ती जवळजवळ सगळी पणाला लागते. रॉयल एनफिल्डच्या ३४९ सीसी इंजिनात सुमारे वीस अश्वशक्ती आहे. त्याच वेगाला तिची निम्मीही लागत नाही. मोठ्या इंजिनाचा खरा फायदा हा आहे. ते वेगवान असते म्हणून नव्हे, तर कमी ताणाखाली चालते म्हणून टिकते. अर्थात स्प्लेंडर ताशी ५५-६० वर चालविली, तर तीही तक्रार न करता दूरवर जाते.

आता दुसरी बाजू. केटीएमच्या ३७३ सीसी ड्यूकने ४३ अश्वशक्ती दिली. सीसी जवळपास तेवढेच, ताकद मात्र दुपटीहून अधिक. एवढी ताकद काढण्यासाठी इंजिनाचे फेरे वाढतात आणि उष्णताही वाढते, म्हणून तेथे रेडिएटर येतो. केळीच्या ट्रकमागे घाटात रांगत जाताना हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही आणि त्याचे तेल पातळ होऊ लागते. रेडिएटरवाल्या गाडीत त्या वेळी पंखा सुरू होतो. मात्र पंखा, पंप आणि नळ्या हे बिघडू शकणारे भागही त्याबरोबरच येतात.

मोठा आकडा नेहमी सुखाचा असतो, असेही नाही. एकाच सिलिंडरच्या ४९९ सीसी बुलेटचे हादरे नटबोल्ट सैल करीत. ती गाडी भारतात २०२० मध्ये बंद झाली. २०१८ मध्ये आलेल्या ६४८ सीसी इंटरसेप्टरला दोन सिलिंडर असल्याने ती कितीतरी शांत चालते. पण तिचे वजन दोनशे किलोंहून अधिक आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर ती आडवी झाली, तर उचलायला दुसरा माणूस हवा.

विश्वासार्हता हा शब्दही दोन अर्थांनी वापरला जातो: गाडी क्वचित बिघडणे आणि बिघडलीच तर जागेवर दुरुस्त होणे. बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट वारंवार हट्ट करी, पण पारोळ्याच्या किंवा एरंडोलच्या मिस्त्रीला पाना आणि पॉलिशपेपर पुरत असे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत इंधन-इंजेक्शन आले. आजच्या गाड्या क्वचितच बंद पडतात. पण सेन्सर रुसला, तर कंपनीच्या सेवाकेंद्रापर्यंत टेम्पोच करावा लागतो. म्हणून गाडी निवडताना सीसीबरोबर वाटेवर सेवाकेंद्रे कोठे आहेत, हेही पाहावे.

एकट्याने ताशी ८० च्या आत जायचे असेल, तर दोनशे सीसी पुरेसे आहे. मागे माणूस आणि सामान असेल, तर साडेतीनशेचे शांत इंजिन बरे. सहाशेपन्नासचा खर्च महामार्गावर सतत शंभरच्या वेगाने जाणाऱ्यालाच परवडतो. यांपैकी कोणतीही घेतली, तरी रस्त्यात अडविणारी कारणे बहुधा इंजिनाबाहेरची असतात: पंक्चर, कोरडी चेन, तुटलेली क्लचवायर. उन्हाळ्यात दर सकाळी तेलाची पातळी तपासावी आणि एक क्लचवायर सामानात ठेवावी. आडवाटेच्या दुकानात नेमकी आपल्या गाडीची मिळेलच असे नाही.