न दिसणाऱ्या मुखाची बोली : ‘टॉम अँड जेरी’मधील गृहसेविका

धावपळीच्या व आदळआपटीच्या जुन्या व्यंगचित्रपटांत संभाषणाला स्थान थोडेच असे. ‘टॉम अँड जेरी’मधील मांजर व उंदीर तर जवळजवळ मुकेच आहेत. अशा मूकप्राय सृष्टीत जो मानवी आवाज वारंवार ऐकू येतो, त्याचे महत्त्व साहजिकच वाढते. हा आवाज ‘मॅमी टू शूज’ या कृष्णवर्णीय गृहसेविकेचा होय. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांच्या ‘पुस गेट्स द बूट’ (१९४०) या पहिल्याच लघुपटात ती अवतरली आणि १९५२ पर्यंत वावरली. प्रेक्षकांस दिसतात ते तिचे पाय, एप्रन व हातातील झाडू. मुख बहुधा दिसतच नाही. म्हणून तिचा वंश व दर्जा यांची ओळख, रंगाइतकीच, लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीच्या उच्चारांतून घडते. रँडॉल्फ स्वतः कृष्णवर्णीय होत्या. पात्राचे निर्माते नव्हते.

या भाषेस अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची बोली म्हणणे हे अर्धसत्य ठरेल. त्या बोलीत इंग्रजीतील ‘असणे’ या क्रियापदाच्या रूपांचा लोप होतो खरा. परंतु तो स्वैर नव्हे. विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ मध्ये दाखविले की, प्रमाण इंग्रजीत जेथे त्या रूपाचा संकोच होऊ शकतो तेथेच या बोलीत त्याचा लोप होऊ शकतो; वाक्याच्या अंती तो होत नाही. रंगभूमीवरून पडद्यावर आलेल्या सांकेतिक बोलीला अशा नियमांशी कर्तव्य नसते. तिला चटकन ओळखू येणारी मोजकी चिन्हे पुरतात. ‘इज’ हे एकच रूप सर्व पुरुषांना लावणे हे त्यांपैकी एक. (संस्कृत नाटकांतील हलक्या पात्रांची मागधी हीदेखील प्रत्यक्ष लोकभाषेपेक्षा नाट्यसंकेतच अधिक होती, हे मराठी अभ्यासकांस परिचित आहे.)

पुढील बदल अधिक उद्बोधक आहेत. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही लघुपट सुधारण्यात आले. चक जोन्स यांच्या सहकाऱ्यांनी सेविकेच्या जागी बहुधा तशीच स्थूल गौरवर्णीय स्त्री रेखाटली आणि जून फोरे यांनी तिला आयरिश वळणाचे उच्चार दिले. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शहरांत मोलकरीण म्हणजे आयरिश स्त्री, असा समज रूढ होता. म्हणजे वर्ण बदलला, तरी घरकाम करणारीच्या तोंडी प्रमाण उच्चार नसावा हा संकेत अबाधितच राहिला. १९९० च्या सुमारास थिया व्हिडेल यांच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रण झाले. त्या वेळी मूळ आकृती कायम ठेवून संवादांतील बोलीची चिन्हे सौम्य करण्यात आली.

तथापि सांकेतिक उच्चार सर्वत्र सारखाच बोचतो असे नाही. वॉर्नर ब्रदर्सचा मेक्सिकन उंदीर ‘स्पीडी गोन्झालेस’ मेल ब्लँक यांच्या आवाजात तितकेच ठोकळेबाज इंग्रजी बोलतो. कार्टून नेटवर्कने १९९९ मध्ये अमेरिकेत त्याचे लघुपट दाखविणे थांबविले. परंतु हा उंदीर चपळ व चतुर असून प्रत्येक वेळी मांजरावर मात करतो. पुढे लॅटिन अमेरिकन वंशाच्या प्रेक्षकांनीच त्याच्या पुनरागमनाची मागणी केली आणि २००२ मध्ये तो परतला.