ठाण्याला न्यायच्या आधी

शहापूर-मुरबाडकडचा माणूस ठाण्याला वरचेवर जातो. कलेक्टर ऑफिस ठाण्याला, मोठं कोर्ट ठाण्याला, जातपडताळणी ठाण्याला. पण गावात कुणी आवाज खाली आणून ‘त्याला आता ठाण्याला न्यायला लागतंय’ म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कचेरी येत नाही. मनोरुग्णालय तिथे १९०१ सालापासून आहे. सव्वाशे वर्षांत बोलीने त्या शहराच्या नावालाच आजार चिकटवून ठेवलाय. म्हणून ठाणं सगळ्यात शेवटी. त्याआधी भगत, मग नवस, मग बाजाराच्या गावातल्या डॉक्टरची सुई.

आणि घर रविवारी प्रार्थनेला जाणारं असलं, तर भगताच्या जागी पास्टर किंवा फादर.

या दोन तालुक्यांत अशी घरं विरळच. वसईसारखी पोर्तुगीज काळातली चर्चं इकडे गावोगाव नाहीत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी यांचा हा मुलूख. पण जिथे प्रार्थनेची बैठक भरते, तिथे दुखणं आधी तिच्यातच मांडलं जातं. झोप नाही, छातीत धडधडतं, नवरा पितो, पोर एकटंच बडबडतं. सगळं ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ या एका वाक्यात येतं. ऐकणारी बाई श्रद्धेने ख्रिस्ती आणि शिक्षणाने समुपदेशक असेल, तर तिचं काम या वाक्यापासून सुरू होतं.

ते काम जवळून कसं दिसतं? पुढचं बोलणं कुणा एका बाईचं नाही. पाड्यावरच्या ओसरीत ते जसं होतं, तसं जुळवून लिहिलंय. समुपदेशक ताईच्या पिशवीत एक छापील कागद असतो. नैराश्य मोजायचे नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की लक्ष घालायचं. जगभर दवाखान्यांत चालणारा हा कागद. पण पहिलाच प्रश्न ओसरीत अडतो. ‘गोष्टी करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही का?’ पहाटे पाण्याला जाणाऱ्या, दिवसभर खाचरात वाकणाऱ्या बाईला या प्रश्नाचा अर्थ काय लावायचा? ताई कागद पालथा ठेवते.

‘मावशी, औंदा लावणीला बायांबरोबर गाणी म्हटलीस का गं?’

‘न्हाय बा. त्या म्हनत व्हत्या. मी नुसती व्हते.’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. झोपेचं, भुकेचं, थकव्याचं असंच सरकत जातं. नववा प्रश्न मरणाचा. नवशिका कार्यकर्ता इथे चाचरतो. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू, असं त्याला वाटतं. ते खरं नाही. सरळ विचारल्याने माणूस मोकळा होतो, हे आता या विषयातलं पक्कं ज्ञान आहे. ताई विचारते, ‘जीव नकोसा होतो का?’ मान हलली, तर पुढचा प्रश्न आजाराचा नसतो, घरातल्या फळीचा असतो: ‘भातावर मारायचं औषध कुठे ठेवता?’ ती बाटली त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी, कुलपात गेली पाहिजे. प्रार्थना त्यानंतर.

खरा गुंता मात्र सहाव्या प्रश्नात आहे. ‘आपण वाईट आहोत, आपल्यामुळे घराचं वाटोळं झालं, असं वाटतं का?’ ख्रिस्ती घरात याचं उत्तर तयार असतं आणि ते एका शब्दाचं असतं: पाप. पोर गेलं ते माझ्या पापामुळे, मी दुखण्यात पडले ती शिक्षा. ताईला इथे श्रद्धा आणि शिक्षण, दोन्हींची अक्कल वापरावी लागते. खरोखर काही चुकलेलं असेल, तर त्याची कबुली, क्षमा, भरपाई हा श्रद्धेचा प्रांत आणि तो माणसाला हलकं करतो. पण काही न करता वाटणारं, कबुली देऊनही न उतरणारं, पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावणारं पाप हे बहुधा आजाराचं लक्षण असतं. त्याला क्षमेचा डोस वाढवून उपयोग नाही.

हे आधुनिकांनी काढलेलं खूळ नव्हे. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी राहत होता, तेव्हा पापाच्या शंकेने त्याला पछाडलं होतं. सांगितलेलं पाप नीट सांगितलं का, काही राहिलं का, म्हणून पुन्हा सांगायचं. जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत मजल गेली होती. आज अशा माणसाला मंत्रचळाचं निदान मिळालं असतं. चर्चमधल्या जुन्या अनुभवी गुरूंनी अशांसाठी एक नियम ठेवला होता: तेच पाप पुन्हा सांगायला यायचं नाही. मंत्रचळाच्या आजच्या उपचारातही नेमकं हेच करतात. शंका आली तरी ती फेडायची कृती करू द्यायची नाही. सोबत गोळ्या. मठातला नियम आणि मानसोपचाराचं तंत्र इतकं तंतोतंत जुळतं, की गंमत वाटते.

इग्नेशियसच्याच संघातल्या एका मुंबईकराने ही सांगड महाराष्ट्रात रीतसर घातली. अँथनी डिमेलो, जन्म १९३१. शिकागोच्या लोयोला विद्यापीठात समुपदेशन शिकून आलेला हा फादर १९७२ मध्ये पुण्यात ‘साधना’ ही धर्मसेवकांना समुपदेशन शिकवणारी संस्था सुरू करतो. पुढे ती लोणावळ्याला गेली. फादर आणि सिस्टर तिथे आधी स्वतःचा राग, स्वतःची भीती गटात बसून उलगडायला शिकत. पाश्चात्त्य मानसशास्त्र, विपश्यना, इग्नेशियसचं ध्यान, सगळं एकाच वर्गात. डिमेलो १९८७ मध्ये गेला. अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्याच्या काही लिखाणाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. म्हणजे ही सांगड दोन्ही बाजूंना टोचते: डॉक्टरांना ती फार धार्मिक वाटते, धर्माला फार मोकळी.

त्याहून जुनं उदाहरण अमेरिकेतलं. अँटन बॉयसन हा धर्मोपदेशक १९२० मध्ये स्वतः भ्रमिष्ट होऊन मनोरुग्णालयात दाखल झाला. बरा झाल्यावर १९२५ मध्ये त्याने वूस्टरच्या मनोरुग्णालयातच धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना आणून वॉर्डात काम करायला लावलं. पुस्तकं नंतर, आधी रुग्ण ऐका, असा त्याचा खाक्या. आज जगभर रुग्णालयांतल्या धर्मसेवकांचं शिक्षण त्याच वाटेने होतं.

आता दारू. शहापूर-मुरबाडमध्ये मनाच्या आजाराचा विषय निघाला आणि दारू आली नाही, असं होत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं कातकरी कुटुंब पावसाच्या तोंडाला परततं. उचल फिटलेली असते किंवा नसते, पण पिणं वाढलेलं असतं. सोडवायची गावठी रीत धार्मिकच आहे. वारकऱ्याने तुळशीची माळ घातली की सुटली. प्रार्थनेच्या बैठकीत हात वर करून साक्ष दिली की सुटली. कित्येकांची खरोखर सुटते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण वर्षानुवर्षं रोज सकाळपासून पिणाऱ्याने एकदम सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भिंतीवर किडे चालताना दिसतात. वेळेवर औषध मिळालं नाही, तर माणूस दगावतो. आणि नेमकं त्याच वेळी घरचे म्हणतात, सैतान बाहेर पडतोय. चार माणसं धरून बसतात, मोठ्याने प्रार्थना चालते, आणि त्या गोंगाटात शुद्ध हरपलेला माणूस तापाने फणफणत असतो. समुपदेशक ताईचा नियम म्हणून साधा: शपथ रविवारी घ्यायची असेल, तर डॉक्टर शनिवारी. जीवनसत्त्वाची सुई, थरथर थांबवणाऱ्या गोळ्या, चार दिवस दवाखान्यात. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. देवाला एक दिवस थांबायला काही हरकत नसते.

शपथेनंतरचं काम लांबचं. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून १९८१ मध्ये सुरू झालेलं ‘कृपा फाउंडेशन’ हे त्याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण. त्याचे संस्थापक फादर ज्यो परेरा, बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, २००९ मध्ये पद्मश्री. त्यांच्या केंद्रांत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या, गटातलं समुपदेशन आणि योगासनं एकत्र चालतात. वसईतही त्यांचं केंद्र आहे. ती बारा पायऱ्यांची चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली ती एका ख्रिस्ती गटाच्या मुशीतूनच. पण तिने देवाची व्याख्या ज्याची त्याच्यावर सोडली. म्हणून विठोबाला मानणाराही त्या वर्तुळात बसतो आणि काहीच न मानणाराही. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दारूपासून दूर राहण्यात ही पद्धत इतर मान्य उपचारांइतकीच, काही बाबतींत सरस ठरली.

अंगात येण्याचा, बाधेचा प्रश्न राहिला. त्यावर चर्चचं अधिकृत म्हणणं पुष्कळ पास्टरांपेक्षा शहाणं आहे. मानसिक आजार ही वेगळी गोष्ट, तिच्यावर उपाय करणं हे वैद्यकाचं काम, आणि भूत काढण्याचा विधी करण्याआधी हा आजार नाही याची खात्री करून घ्या, असं कॅथलिक धर्मशिक्षणाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. कसारा घाट चढून इगतपुरीला गेलं, तर विपश्यनेवालेही तेच सांगतात: गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, ध्यान हा औषधाला पर्याय नाही. आपली हद्द ओळखणारी श्रद्धा कुठल्याही धर्माची असो, तिच्याशी डॉक्टरचं जमतं. हद्द न ओळखणारी कुठे नेते, ते तामिळनाडूतल्या एरवाडीने दाखवलं. ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या खासगी आश्रमाला आग लागली. साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी केली.

‘विश्वास असेल तर गोळ्या कशाला?’ हे वाक्य अजून ऐकू येतं. मधुमेहाच्या गोळीबद्दल ते कुणी म्हणत नाही.

सर्वांत नाजूक भाग गुपिताचा. फादरच्या कानात पडलेलं पापनिवेदन, गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात, ते जीव गेला तरी फुटता कामा नये. समुपदेशकाचं गुपित तसं नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तर तिला बोलावंच लागतं; लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं असतं. आणखी एक गळती फार गोड दिसते. ‘अमकीच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिने काल विहिरीकडे धाव घेतली,’ असं कुणी बैठकीत कळवळून म्हणतं, आणि संध्याकाळपर्यंत पाडाभर बातमी. प्रार्थनेचा विषय आणि चावडीवरची चर्चा यांत अंतर फार थोडं. म्हणून ताई बैठकीत नाव घेत नाही.

आणि धर्मांतराचा आरोप? तो हवेत आहेच. त्यावर उत्तर कामाच्या रीतीतून द्यावं लागतं. समोरचा ख्रिस्ती नसेल, तर प्रार्थनेचा विषय आपण काढायचा नाही. त्याने मागितली तर त्याच्या शब्दांत, भेट संपल्यावर, दोन मिनिटं. खचलेल्या माणसाला धर्म विकणं हे श्रद्धेलाही कमीपणा आणणारं आहे आणि पेशालाही.

हे सगळं करायला मोठ्या पदव्याच लागतात, असंही नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने गावातल्या सामान्य माणसांना शिकवून नैराश्यावर सहा-आठ भेटींचं समुपदेशन करून दाखवलं आणि त्याचा परिणाम शास्त्रीय कसोटीवर सिद्ध केला. घाटापलीकडे नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच बाया-पुरुषांनी हे काम केलं. मुरबाडला लागून असलेल्या कर्जतमध्ये डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते. त्या कामाला २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाव ‘श्रद्धा’, उपचार मात्र मनोविकारावरच्या औषधांचा.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की नैराश्य असलेल्या शंभरांतल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. हे लिहिलेलं वाचणाऱ्यांत कुणी पास्टर, फादर, सिस्टर, भगत, कीर्तनकार असेल, तर त्यांनी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर एक नंबर लिहून ठेवावा: १४४१६, मनाच्या दुखण्यासाठीची ‘टेलि-मानस’ मदतवाहिनी. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.